उन्हाळी पिकनिक आणि पॉटलक: नीट खायचं कसं आणि न्यायचं काय?

निवांत_दुपार:
उन्हाळा सुरू झाला की आमच्याकडे दर शनिवार-रविवारी काहीतरी असतंच, कधी ऑफिसची पिकनिक, कधी मुलीच्या वर्गातल्या पालकांचं पॉटलक (प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा आणि एकत्र जेवायचं), कधी कुणाचा बागेतला वाढदिवस. मजा येते, त्याबद्दल तक्रार नाही. पण नवऱ्याला डायबेटीस निघालाय, मला बीपीची गोळी सुरू झालीये, आणि टेबलापाशी गेलं की समोर तेच ते, चिप्सचे ढीग, मेयोनीजमधे बुडलेला पास्ता, दोन-तीन केक, कोल्ड्रिंकच्या बाटल्या. कोपऱ्यात एखादं सॅलड असतं ते पण बहुतेक आम्हीच नेलेलं. डाएटिशियन म्हणते "बाहेर खाताना योग्य निवड करा", अहो पण निवडायला समोर काही असलं तर निवडू ना! घरून जेवून गेलं तर तिथे नुसतं बसवत नाही आणि लोक दहा वेळा विचारतात काय झालं, डाएट का. तर तुम्ही काय करता ते सांगा. "कंट्रोल ठेवा" एवढंच सांगू नका प्लीज, ते आम्हाला पण माहितीये.

खवय्या_एक:
एक दिवस सगळं चालतं हो ताई. पिकनिकला जाऊन कॅलऱ्या मोजायच्या तर जायचंच कशाला. खा, दुसऱ्या दिवशी कमी खा, विषय संपला.

निवांत_दुपार:
दादा, "दर शनिवार-रविवारी" हे वाचलं नाहीत वाटतं. तुमचा एक दिवस आमच्याकडे आठवड्यातून दोनदा येतो 😄

वहीवाली:
आमच्या ग्रुपमधे पॉटलकची यादी मी करते (आवड म्हणून नाही, कुणी करत नाही म्हणून गळ्यात पडलंय) त्यामुळे मी जरा दुसऱ्या टोकाकडून सांगते. टेबलापाशी उभं राहून आपण जे ठरवतो असं वाटतं ना, त्यातलं बरंचसं चार-पाच दिवस आधी ग्रुपवरच ठरून गेलेलं असतं. "सगळ्यांनी काहीतरी आणा" असा मेसेज जातो, पहिला लिहितो चिप्स, दुसरा कोल्ड्रिंक, तिसरा केक, कारण या गोष्टी विकत मिळतात, गाडीत सांडत नाहीत आणि कुणी नावं ठेवत नाही. यात आळशीपणा वगैरे काही नाही, कोऱ्या यादीत माणूस सोपं तेच लिहिणार.

म्हणून मी यादी कोरी पाठवतच नाही. रकाने आधीच पाडते: भाज्या आणि सॅलड, फळं, प्रोटीन म्हणजे कडधान्यं अंडी चिकन मासे असं काहीही, मग पोटभरीचं म्हणजे ब्रेड भात बटाटा पास्ता, मग गोड, मग पेयं. आणि प्रत्येक रकान्यात जागा ठराविक. गोडाला दोनच. कुरकुरीत पाकिटांना एक. त्या भरल्या की पुढचा माणूस आपोआप फळांकडे किंवा चिकनकडे जातो आणि कुणाला "हे नको आणूस" म्हणायची वेळच येत नाही, जी सगळ्यात अवघड गोष्ट आहे.

आणि स्वतःपुरता एक नियम. मी जे नेते ते माझं एकटीचं पूर्ण जेवण होईल असंच असतं. नुसती काकडी आणि हिरवी पानं नेली तर त्याने काय होणार, अर्ध्या तासात भूक लागते आणि पाय केकपाशीच वळतात. त्यापेक्षा शिजवलेले काबुली चणे, काकडी, ढोबळी मिरची, कांदा, भरपूर कोथिंबीर, लिंबू, थोडं तेल, वरून भाजलेले दाणे. बाकी टेबलावर काही का असेना, माझं जेवण झालेलं असतं आणि मग केकचा एक तुकडा शांतपणे, न लपवता खाता येतो.

निवांत_दुपार:
हे आवडलं, पण यादी माझ्या हातात नसली तर? प्रत्येक ठिकाणी वेगळी माणसं असतात ना.

वहीवाली:
मग पहिला मेसेज आपण टाकायचा. "मी चण्यांचं सॅलड आणि कलिंगड आणतेय, अंडी किंवा चिकनचं कुणी बघेल का?" बस एवढंच. पहिल्या दोन-तीन मेसेजवर पुढचे सगळे चालतात, माझा तरी अनुभव असाच आहे. शेवटी मेसेज टाकणाऱ्याला डिस्पोजेबल प्लेटाच येतात वाट्याला.

पोटातलं_शास्त्र:
वहीवालीताईंच्या यादीमागे खरंच शास्त्र आहे, म्हणून लिहितो, जरा लांबेल.

पॉटलकला आपण जास्त खातो त्याची दोन कारणं बरीच तपासली गेलीयेत आणि दोन्हीत "तुमचा कंट्रोल कमी" असं काही नाही. पहिलं कारण सोबत. १९८९ मधे जॉन डी कॅस्ट्रो या संशोधकाने लोकांच्या जेवणाच्या डायऱ्या तपासल्या, तेव्हा एकट्याने घेतलेल्या जेवणापेक्षा इतरांबरोबर घेतलेली जेवणं साधारण ४४ टक्के मोठी निघाली. गप्पांमधे जेवण लांबतं, आणि ताट जितका वेळ समोर तितका हात चालू. दुसरं कारण विविधता. एकच चव खात राहिलं की त्या चवीचा कंटाळा येतो, पण तो त्या चवीपुरताच असतो, नवीन चव समोर आली की पोटात परत जागा होते. बार्बरा रोल्स यांच्या गटाने १९८१ मधे सँडविचवर हे बघितलं, चार वेगवेगळ्या सारणांची सँडविचेस दिली तर लोकांनी एकाच सारणापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश जास्त खाल्लं. आता पॉटलकला वीस पदार्थ असतात. "सगळ्याची थोडी थोडी चव घेऊ" हे वाक्य ऐकायला फार शहाणं वाटतं पण सगळ्यात जास्त खायला लावणारं तेच आहे.

उपाय म्हणाल तर हेच उलटं वापरायचं. विविधता भाज्या-फळांत ठेवायची आणि गोडात कमी, म्हणजे यादीतल्या त्या "गोडाला दोनच" चा फायदा इच्छाशक्ती न खर्च करता मिळतो. आणि ताट हातात घ्यायच्या आधी टेबलाला एक पूर्ण चक्कर. काय काय आहे बघायचं, आवडीचे तीन-चार ठरवायचे, तेवढेच व्यवस्थित वाढून घ्यायचे, ताट घेऊन टेबलापासून लांब जाऊन बसायचं. टेबलाला टेकून गप्पा मारणारे लोक चिप्स किती खातात ते त्यांना स्वतःला पण माहीत नसतं.

तिरकस_बाण:
छोटी ताटली घ्यायची आणि कमी खायचं हा फंडा राहिला की.

पोटातलं_शास्त्र:
मुद्दाम नाही लिहिला. भांड्याचा आकार, वाटीचा आकार यावरचं बरंच गाजलेलं काम ब्रायन वॅन्सिंक यांच्या नावावर होतं आणि त्यातले अनेक निबंध मागे घेतले गेले, २०१८ मधे 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकांच्या गटाने एकदम सहा मागे घेतले. मोठा भाग वाढला की माणूस जास्त खातो हे इतरांच्या कामातूनही पक्कं आहे, पण ताटली छोटी केली म्हणजे आपोआप कमी खाल्लं जाईल याचा पुरावा एवढा भक्कम नाहीये. पॉटलकला तर छोटी ताटली म्हणजे तीन फेऱ्या.

मीठमोजणी:
बीपी आणि शुगर दोन्हीची मी जुनी गिऱ्हाईक, माझे दोन पैसे.

आधी पेयं, कारण सगळ्यात स्वस्तात सुटणारी गोष्ट तीच. साध्या कोलाच्या ३५५ मिलीच्या कॅनमधे साधारण ३९ ग्रॅम साखर असते, नऊ-दहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या सूचनेत मोकळी साखर (म्हणजे वरून घातलेली, आणि मध-रसातली) दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत ठेवा म्हटलंय, ते ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम. एका कॅनमधे दिवस संपला! आणि फळांचा रस "नैसर्गिक" म्हणून सुटत नाही, त्यातली साखर पण मोकळीच धरतात. अख्ख्या फळातली धरत नाहीत. त्यामुळे रस नको, फळ खा. मी मोठ्या जारमधे पाणी, त्यात लिंबाच्या चकत्या, काकडी, पुदिना आणि भरपूर बर्फ असं नेते. पहिल्यांदा लोक हसतात आणि ऊन वाढलं की जार पहिला रिकामा होतो.

मिठाचं मात्र लोकांना उलटंच वाटतं. चिप्स खारट लागतात कारण मीठ वरवर असतं, जिभेला लगेच कळतं. पण ब्रेड, चीज, सॉस, लोणवलेल्या भाज्या, सॉसेज, तयार ड्रेसिंग यांत मीठ आत असतं आणि ते खारट लागतंच असं नाही. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात ९०० मिलीग्रॅमच्या आसपास सोडियम, आणि दिवसाची मर्यादा २००० मिलीग्रॅम म्हणजे ५ ग्रॅम मीठ. निवांतताई, तुम्ही चिप्स टाळून मॅरिनेट केलेलं चिकन, सॉस आणि चीज घेत असाल तर बीपीच्या दृष्टीने फार काही कमावलं नाही. पदार्थात लिंबू, व्हिनेगर, लसूण, भाजलेलं जिरं, मिरी ढकला, मीठ निम्मं केलं तरी कुणाला कळत नाही.

निवांत_दुपार:
ब्रेडचं डोक्यातच नव्हतं. आणि कलिंगड? नवऱ्याला सगळे सांगतात कलिंगडाला हात लावू नकोस, शुगर उडते.

मीठमोजणी:
कलिंगडाचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे रक्तातली साखर किती झटकन चढते त्याचा आकडा, जास्त आहे हे खरं, पण त्यात ९२ टक्के पाणी. शंभर ग्रॅममधे साखर सहा ग्रॅमच्या आसपास. दोनशे ग्रॅमची वाटी खाल्ली तरी बारा ग्रॅम. कोलाच्या शेजारी ठेवून बघा. मोजून एक वाटी आणि सोबत दाणे किंवा अंडं, माझ्या मीटरला तरी चालतं. त्यांचा मीटर काय म्हणतो ते त्यांनी दोन तासांनी तपासून बघावं, माझ्यावर विसंबू नका.

पोटातलं_शास्त्र:
डायबेटीससाठी अजून एक, जेवायचा क्रम. २०१५ मधे 'डायबेटीस केअर' या नियतकालिकात आलेला एक छोटा अभ्यास आहे, फक्त ११ जण, टाइप २ वाले. तेच जेवण, पण आधी भाज्या आणि चिकन खाऊन ब्रेड आणि रस नंतर घेतला तर जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. ११ जण म्हणजे काही फार नाही, पण पॉटलकला हे करायला काही लागत नाही, सॅलड आणि चिकन-अंडी पहिल्या फेरीत, बटाटा-पास्ता दुसऱ्या फेरीत. आणि खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणं. पिकनिकला जागाच जागा असते, मुलांच्या मागे चेंडू आणायला पळालात तरी चालेल.

घड्याळ_बघा:
सगळे साखर-मीठ बोलतायत, कुणी अजून मुख्य विषयाला हातच लावला नाही. दुपारी एक वाजता मांडलेलं टेबल चार वाजेपर्यंत उन्हात असतं आणि लोक येता-जाता त्यातलंच खातात!! तुमचं सॅलड कितीही हेल्दी असू दे, त्याने आठ जण रात्री आडवे झाले तर काय उपयोग.

जंतू ४ ते ६० डिग्री सेल्सियसच्या मधे झपाट्याने वाढतात. नाशवंत पदार्थ बाहेर दोन तास, आणि हवा ३२ डिग्रीच्या वर असेल तर एकच तास, हा धरून चालायचा नियम. उन्हाळ्यात म्हणजे एकच तास समजा. त्यामुळे सगळं एकदम मांडायचं नाही. छोट्या भांड्यात थोडं थोडं, बाकीचं कूलरमधे (म्हणजे बर्फ घालून पदार्थ गार ठेवायची पेटी), संपलं की नवीन भांडं काढायचं, जुन्यातच वरून ओतायचं नाही. थंड पदार्थाचं भांडं बर्फाच्या परातीत बसवायचं.

कूलर दोन. हे फार महत्त्वाचं आहे. पेयांचा वेगळा कारण तो दर दोन मिनिटांनी उघडतो, आणि जेवणाचा वेगळा जो फक्त वाढायच्या वेळी उघडतो. भरलेला कूलर अर्ध्या रिकाम्यापेक्षा जास्त वेळ गार राहतो म्हणून उरलेल्या जागेत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या, वितळल्या की पिता येतात. सावलीत ठेवायचा, गाडीच्या डिकीत नाही. आणि पदार्थ घरूनच फ्रिजमधे गार करून भरायचे. कूलर गार ठेवतो, गरम पदार्थाला गार करत बसणं त्याचं काम नाही.

खवय्या_एक:
मेयोनीज मुख्य गुन्हेगार ना यात? आम्ही म्हणून बटाट्याच्या सॅलडला हातच लावत नाही उन्हात.

घड्याळ_बघा:
नाही! विकतचं मेयोनीज व्हिनेगर-लिंबामुळे आंबट असतं, जंतूंना ते मानवत नाही. गडबड होते ती त्यातल्या बटाटा, अंडी, चिकनमुळे, ते हाताने सोललेलं, कापलेलं आणि कोमट ठेवलेलं असतं. घरी कच्च्या अंड्याचं मेयोनीज केलं असेल तर मात्र ते घरीच ठेवा. म्हणजे मेयोनीजऐवजी दही घातलंत तर चरबी कमी होईल, चांगलंच आहे, पण म्हणून सॅलड तीन तास उन्हात ठेवायची परवानगी मिळत नाही.

आणि "परत गरम करून घेऊ" हा उपाय सगळीकडे चालत नाही. स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू आपल्या हातावर-नाकात असतो, तो अन्नात वाढून जे विष सोडतो ते उकळूनही जात नाही. भाताचं पण तसंच, बॅसिलस सेरियसचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत, भात कोमट पडून राहिला की ते वाढतात आणि उलटी करवणारं त्यांचं विष गरम केल्याने जात नाही. भाताचं सॅलड नेणार असाल तर भात शिजल्यावर पसरून लवकर गार करा आणि लगेच फ्रिजमधे.

वहीवाली:
कापलेल्या फळांचं पण सांगा ना. लोकांना वाटतं फळ आहे, काय होतंय.

घड्याळ_बघा:
हो, बरं झालं आठवण केलीत. कलिंगड, खरबूज कापल्यावर नाशवंतच, गारच ठेवायला हवं. आणि कापायच्या आधी सालीवरून धुवायचं, साल खायची नसली तरी, कारण सुरी सालीवरची घाण आतल्या गरात नेते. सोयीचं म्हणाल तर अख्खं फळ न्या आणि तिथे कापा, किंवा द्राक्षं, सफरचंद, संत्री, केळी अशी न कापता खायची फळं न्या.

आजीचा_चष्मा:
द्राक्षांवरून बोलते. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खं द्राक्ष देऊ नका गं, घशात बरोब्बर बसतं. उभं चिरून चार फोडी करायच्या. छोटे टोमॅटो पण तसेच. दाणे आणि पॉपकॉर्न तर त्या वयाला नकोच, आणि पळता पळता खाणं तर मुळीच नको. पिकनिकला सगळ्यांचं लक्ष सगळ्यांकडे असतं म्हणजे कुणाचंच नसतं.

दुसरं म्हाताऱ्यांचं. आम्हाला तहान लवकर कळत नाही, आणि बाथरूम लांब असेल तर आम्ही मुद्दाम पाणी पीत नाही, हे खरं सांगते. कुणीतरी ग्लास हातात आणून द्यावा. इन्शुलिन घेणाऱ्यांनी ते गाडीत ठेवू नये, उन्हात गाडी भट्टी होते, आणि बर्फाला चिकटवून पण ठेवू नये, गोठलेलं इन्शुलिन वाया जातं. कापडात गुंडाळून जेवणाच्या कूलरमधे बर्फापासून लांब. उन्हात इन्शुलिन लवकर शोषलं जातं, त्यात खेळणं-चालणं झालं आणि जेवण उशिरा आलं की शुगर खाली जाते, म्हणून खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या हव्यात. निवांत, तुझ्या नवऱ्याच्या गोळ्या कुठल्या आहेत ते डॉक्टरांना एकदा विचारून घे, काही गोळ्यांनी पण शुगर उतरते.

निवांत_दुपार:
विचारते आजी. उशिरा जेवणाचा मुद्दा अगदी खरा, बाराचं जेवण सांगतात आणि शेगडी पेटायलाच दीड वाजतो.

जाळावरचा_माणूस:
शेगडी उशिरा पेटते कारण निखारे नीट होईपर्यंत थांबावं लागतं, घाई केली की बाहेरून करपलेलं आणि आतून कच्चं 😅 पण आता विषय निघालाच आहे तर ग्रिलवाल्यांची बाजू.

चिकन किंवा मासा ग्रिलवर हा तळण्यापेक्षा कधीही हलका प्रकार. फक्त काळं होईपर्यंत भाजायचं नाही. खूप तापमानाला मांसात आणि चरबी निखाऱ्यावर पडून होणाऱ्या धुरात जी रसायनं तयार होतात ती चांगली नाहीत. आंबट मॅरिनेड, तुकडे छोटे, सारखं उलटवणं, ज्वाळेवर न धरता बाजूला ठेवणं, एवढ्याने बरंच कमी होतं. आधी थोडं शिजवून तिथल्या तिथे लगेच ग्रिलवर टाकलं तर वेळ पण वाचतो, पण अर्धवट शिजवून तसंच तासभर ठेवायचं नाही. चिकन झालं की नाही हे रंगावर ठरवू नका, आत ७४ डिग्री दाखवणारा थर्मामीटर घ्या. कच्चं चिकन ज्या ताटात आणलं त्यात भाजलेलं ठेवायचं नाही, हे दर वेळी कुणीतरी करतंच.

सॉसेज-हॅम वगैरे प्रक्रिया केलेलं मांस मात्र कमीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मधे ते माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो असा त्यांचा अंदाज. लगेच घाबरू नका, गट पहिला म्हणजे पुरावा पक्का, धोका सिगारेटएवढा असा अर्थ नाही. आमच्या शेगडीवर आता निम्मी जागा मक्याची कणसं, ढोबळी मिरची, कांदा, मशरूम यांना असते आणि भाजलेला मका सगळ्यात आधी संपतो.

तिरकस_बाण:
हे सगळं ठीक आहे पण माणसांचं काय? मी एकदा केक नको म्हटलं तर यजमानीणबाई तासभर रुसल्या होत्या. थर्मामीटर घेऊन गेलो तर परत बोलावणार नाहीत.

वहीवाली:
"नको" म्हणून कारणं द्यायची नाहीत. कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते, मग "थोडासा घे", मग "माझ्या मावशीला पण शुगर आहे ती खाते". "मस्त दिसतोय, नंतर घेते" एवढं म्हणायचं आणि हातातलं ताट कधी रिकामं दिसू द्यायचं नाही. रिकामं ताट दिसलं की वाढणाऱ्यांचा हात थांबत नाही. आणि खरंच केक खायचा असेल तर खा ना, आवडीचा एक तुकडा बसून खा. मला न आवडणारा विकतचा केक फक्त कुणाला वाईट वाटू नये म्हणून खाणं, हे मी बंद केलंय.

मीठमोजणी:
+१. आणि प्रत्येक पदार्थावर चिठ्ठी लावायची सवय लावा सगळ्यांना. नाव आणि आत काय काय आहे, दाणे, तीळ, दूध, अंडं, गहू, मासे. दाण्यांची ॲलर्जी असलेल्याला सॉसमधे वाटलेले दाणे दिसत नाहीत. प्रत्येक भांड्याला स्वतःचा चमचा, नाहीतर चिठ्ठीचा काही उपयोग नाही. चिठ्ठी असली की "यात काय आहे" असं विचारून यजमानांना अवघडवायला पण लागत नाही.

नवी_नवी:
मी इथे वाचक असते, पहिल्यांदा लिहितेय. या रविवारी मला सॅलडच्या रकान्यात ढकललंय, राजम्याचं सॅलड करायचं म्हणतेय, काही टिप्स? माझं सॅलड दर वेळी तिथे पोचेपर्यंत पाण्यात पोहत असतं.

वहीवाली:
पाणी मिठामुळे सुटतं. मीठ काकडी-टोमॅटोतलं पाणी बाहेर ओढतं, म्हणून मीठ आणि ड्रेसिंग वेगळ्या बाटलीत न्यायचं आणि वाढायच्या दहा मिनिटं आधी घालायचं. काकडीच्या बिया काढल्या तर अजून बरं. उलट राजमा, चणे यांना ड्रेसिंग आदल्या रात्रीच लावून फ्रिजमधे ठेवायचं, ते मुरलं की चव येते. म्हणजे दोन डबे: एकात मुरलेला राजमा, दुसऱ्यात कोरड्या चिरलेल्या भाज्या, तिथे एकत्र. पानं असतील तर सगळ्यात वर आणि सगळ्यात शेवटी. तेल चमच्याने मोजून घाल, बाटलीतून नाही, एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात आणि बाटलीतून चार चमचे कधी पडले कळत नाही.

घड्याळ_बघा:
आणि राजमा नीट शिजव बाई. कच्च्या आणि अर्धकच्च्या राजम्यात लेक्टिन असतं ज्याने जोरदार उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यायचं, नवीन पाण्यात कमीत कमी दहा मिनिटं खळखळ उकळायचा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवायचा. मंद आचेच्या स्लो कुकरमधे थेट टाकायचा नाही, तिथे तापमान तेवढं चढत नाही. प्रेशर कुकर असेल तर प्रश्नच नाही. डब्यातला तयार राजमा शिजलेलाच असतो, तो नुसता धुवून घे, धुतल्याने त्यातलं मीठ पण कमी होतं.

नवी_नवी:
बापरे, बरं झालं विचारलं. आणि उरलं तर घरी आणायचं का?

घड्याळ_बघा:
कूलरमधून बाहेरच न काढलेला डबा आणायचा, बर्फ अजून वितळला नसेल तर. टेबलावर मांडलेलं किती वेळ बाहेर होतं ते माहीत नसेल तर टाकायचं. जीव तुटतो, मला पण. म्हणूनच मुळात कमी करा, दहा पदार्थ येणार असतील तर तुमचा पदार्थ सगळ्यांना पोटभर पुरायची गरज नाही, प्रत्येकाला दोन-तीन चमचे आले तरी पुष्कळ. ब्रेड, अख्खी फळं, सुके दाणे, बिस्किटं हे बिनधास्त आणा घरी.

निवांत_दुपार:
शनिवारच्या ग्रुपवर आत्ताच पहिला मेसेज टाकला, चण्यांचं सॅलड आणि लिंबू-पुदिन्याचं पाणी. पाच मिनिटांत एकीने लिहिलं "मग मी फळं बघते", आणि दुसरीने अंडी घेतली. केक अजून तीन आहेत, ते राहू देत.

खवय्या_एक:
बरं, माझी पण रविवारी पिकनिक आहे आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून माझे चिप्स, कोल्ड्रिंक, सॉसेज सगळं यादीतून काढलंत. स्वयंपाक मला येत नाही. मग मी काय नेऊ?

वहीवाली:
चिप्स ने की, एक जागा आहे त्याला.

घड्याळ_बघा:
बर्फ ने. दोन मोठ्या पिशव्या, आणि दुसरा कूलर. कुणीच आणत नाही.